आर्वीच्या गाडीचा शेवटचा डबा

वर्ध्याला बोरगाव मेघेतल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. पाहुण्यांना वाटतं, कपबशा असतील. त्यात रेल्वेचे डबे आहेत. इंजिनं दोनच, तीही भेट आलेली. बाकी सगळे डबे: साध्या वर्गाचे, झोपायचे, टपालाचे, जेवणाचे. काही विकत घेतलेले, काही मी स्वतः पुठ्ठा आणि प्लायवूड कापून केलेले. प्रत्येक डब्याखाली एक कार्ड असतं. डब्याचा प्रकार, रूळ किती रुंदीचे, कुठे धावायचा, आपल्यापैकी कोणी त्यातून गेलं का, एवढं त्यावर लिहिलेलं.

मी एका रुग्णालयाच्या भांडारात काम करते. सलाइनच्या बाटलीपासून फरशी पुसायच्या फडक्यापर्यंत तिथे प्रत्येक वस्तूला नाव आणि जागा असते. नाव नसलेली वस्तू कोणाला मागता येत नाही, कोणाला देताही येत नाही. ती सवय घरी आली. कपाटाचा नियम एकच: ज्याचा प्रकार नक्की झाला नाही, तो डबा काचेआड जात नाही. तो चपलांच्या रॅकवर थांबतो. माझे यजमान त्या जागेला वेटिंग लिस्ट म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात रोहण्याहून आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. माहेर आर्वी, सासर रोहणा. पुलगावहून आर्वीला पूर्वी जी छोट्या रुळांची गाडी जायची, तिच्यावरची ही दोन्ही गावं. गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या घरात अजून आर्वी-रोहणा हे अंतर गाडीनंच सांगतात.

"घर पाडून राह्यलो आम्ही," आत्या म्हणाली. "स्लॅबचं बांधतो. सामान सारं कोठ्यात नेऊन टाकलं. तुया बापानं केलेला थो रेल्वेचा डबा हाय न, थो घेऊन जाय. इथं गवंड्याच्या पायाखाली येईन."

त्या डब्याबद्दल मी लहानपणापासून ऐकलं होतं. पाहिलाही असेल, पण आत्याच्या सासरच्या कपाटात उंचावर आणि गर्दीत. रविवारी आम्ही दोघं गाडी काढून गेलो.

गोठ्यात बैलांच्या जागी फ्रिज, दिवाण आणि तांदळाचे पिंप उभे होते. आत्यानं जुन्या लुगड्यात गुंडाळलेला डबा काढून माझ्या हातात दिला. सागवानी, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, वर विटकरी ऑइलपेंटचे जाड थर. अर्ध्या भागाला खिडक्या होत्या, त्यांवर आडव्या गजांच्या रेघा, आतून काळा कागद लावलेला. उरलेल्या अर्ध्या भागात खिडकी नाही. तिथे रुंद दोन पाखांचं दार, टोकाशी एक अरुंद दार, आणि त्याच्या शेजारी खाली, अगदी पायाशी, पट्ट्यापट्ट्यांचं एक बोटभर दार. छतावर गोल डोक्याचे पितळी खिळे एका रांगेत ठोकलेले, हवेच्या झरोक्यांसाठी. पण ते झरोके खिडक्यांच्या भागावर नव्हते. बिनखिडकीच्या भागावर होते.

शेजारी आत्याची मोठी जाऊ बसली होती. दोघींच्या चुली लग्नानंतर दहा-बारा वर्षांत वेगळ्या झाल्या, पण अंगण एकच राहिलं, आणि सकाळचा चहाही. मी जावेला काकू म्हणते.

"नेऊन राह्यली का वं बापाची गाडी?" काकू म्हणाल्या. "ने बाई, ने. वर्ध्याच्या लोकाईले दाखव. म्हनावं, आमच्या रोहण्याच्या गाडीत सामानाले हवा खाऊ घालत अन् माणसाईले कोंडून नेत."

"झालं सुरू," आत्या म्हणाली.

"अन् खाली खुराडं. कोंबड्या कोन नेत होतं वं, तुया माहेरचे?"

आत्या माझ्याकडे वळली. "लगन होऊन आली तवापासून हेच ऐकून राह्यली मी."

हा डबा आत्याच्या रुखवतात आला होता. आर्वीला तेव्हा रुखवतात शेवयांची घरटी, सुपारीचे नवरा-नवरी, साखरेची महिरप असं मांडत. बाबा कापसाच्या बाजारात कारकून होते आणि त्यांच्या हातात सुतारकाम होतं. बहिणीचं वऱ्हाड ज्या गाडीनं रोहण्याला परत जाणार, त्या गाडीचा शेवटचा डबा करून रुखवतात ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी काम सुटलं की ते आर्वीच्या स्टेशनवर जायचे, उभ्या गाडीला दोरी लावून माप घ्यायचे. वऱ्हाडी रोहण्याचे, म्हणजे रोज तीच गाडी पाहणारे. त्यांनी मांडवात वाहवा केली. रुखवत घरी गेलं, डबा कपाटात बसला, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की झरोके भलत्याच टोकाला आहेत. मुंबईचा डबा केला असता तर रोहण्यात कोणाला काय कळलं असतं? पण ही त्यांची गाडी होती. आत्याचा भाऊ मन लावून करतो, पण डोळे झाकून करतो, अशी त्या घरात म्हणच पडली.

"तू यातली जाणती हायेस," आत्या म्हणाली. "असा डबा आपल्या गाडीले होता का नोता, थे पाह्य. होता तर त्याचं नाव लिहून तुया काचेत ठेव. नोता तर मले येऊन सांग. मी चुलीत घालते."

"अवं, चुलीत कायले?" काकू म्हणाल्या. "पोट्ट्याईले खेळाले दे."

परत येताना यजमान म्हणाले, "गॅस आहे त्यांच्याकडे. चुलीची भीती नको." बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यांच्या हातचा डबा मांडीवर होता. घरी आल्यावर मी तो चपलांच्या रॅकवर ठेवला. नियम तो नियम.

कामाला लागले. पहिल्यांदा माप. छोट्या लाइनच्या रुळांमधलं अंतर मला माहीत आहे. चाकांमधलं अंतर मोजलं आणि त्या हिशेबानं बाकीचं ताडून पाहिलं. दाराची उंची माणसाच्या उंचीला बरोबर. खिडकीचा खालचा काठ बसलेल्या माणसाच्या खांद्याशी येतो तो बरोबर. लांबी-रुंदीचं प्रमाण बरोबर. अंदाजानं केलेल्या कामात एखादी तरी गोष्ट फुगलेली सापडते. लोक दारं मोठी करतात, चाकं तर हमखास. इथे काहीच फुगलेलं नव्हतं. बाबांनी खरंच दोरी लावली होती.

मग प्रकार. साधा तिसऱ्या वर्गाचा डबा नाही, कारण अर्ध्या भागाला खिडक्या नाहीत. नुसता मालाचा नाही, कारण उरलेल्या अर्ध्या भागाला आहेत. टपालाचा म्हणावा तर पत्रं टाकायची फट नाही. राहिला एकच: मागच्या टोकाला गार्डची जागा, मध्ये सामान, आणि पुढे माणसं. आजही लांबच्या गाड्यांना दोन्ही टोकांना असा डबा लागतो, त्याचा हा धाकटा भाऊ. छोट्या लाइनवर गाड्याच आखूड, तेव्हा एकाच डब्यात तिन्ही सोयी करून टाकत. अरुंद दार गार्डचं. रुंद दार सामानाचं. आणि खालच्या पट्ट्यांच्या दारानं मला फार वेळ लावला नाही.

"कुत्र्याची पेटी," मी यजमानांना सांगितलं.

"कोणाच्या कुत्र्याची?"

"कोणाच्याही. कुत्रं न्यायचं तर गार्डच्या डब्यात, या पेटीत. तिकीट काढून."

"रोहण्याहून आर्वीला कुत्रं तिकीट काढून कोण नेत असेल?"

कोणीच नेत नसेल. पण पेटी डब्याबरोबर यायची, मागणी असो वा नसो. आमच्या भांडारातही अशा वस्तू येतात.

राहिले झरोके. तिथे माझं गाडं अडलं. सामानाला हवा लागत नाही असं नाही, पण सामानाला झरोके देऊन माणसांवरचं छत सपाट कोण ठेवेल? जुन्या डब्यांच्या शौकिनांचा एक गट फोनवर आहे, तिथे मी चारही बाजूंचे फोटो टाकले. उत्तरं भराभर आली. एकानं लिहिलं, सामानाच्या भागात मासे जात असतील. वर्ध्यात मासे! दुसऱ्यानं लिहिलं, हा भारतातला डबाच नाही. तिसऱ्यानं किंमत विचारली. मी गट काही दिवस बंद ठेवला.

कागदावर सुटत नसलेली गोष्ट जाऊन पाहावी, हा माझा दुसरा नियम. नागपूरला रेल्वेच्या संग्रहालयात छोट्या लाइनचे जुने डबे जपून ठेवलेले आहेत. थंडी सुरू झाल्यावर एक सुट्टी घेऊन आम्ही दोघं तिकडे गेलो. पिशवीत टेप, बाबांच्या डब्याचं मी काढलेलं चित्र, डब्याचे फोटो आणि भाचीकडून मागून आणलेली सेल्फीची काठी.

तिथे झाडाखाली एक डबा उभा होता. लांबून पाहिला आणि मी थांबलेच. आधी खिडक्यांचा भाग, मग रुंद दार, मग टोकाला अरुंद दार, आणि त्याच्या पायाशी पट्ट्यांचं छोटं दार. रंग वेगळा, एक-दोन खिडक्यांवर पत्रा ठोकलेला, पण जात तीच. टेप लावली. चित्राशी ताडत गेले. तो नेमका आर्वीच्या गाडीला लागणारा डबा होता असं मी म्हणणार नाही, तसं तिथे लिहिलेलं नव्हतं. पण आसपासच्या सगळ्या छोट्या लाइनींवर हेच डबे फिरत, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. बाबांनी पाहिलेला डबा याच घरातला.

"आता छत," मी म्हटलं.

यजमानांनी फोन काठीला लावला, हात उंच केला आणि डब्याच्या कडेनं चालत गेले. फिरायला आलेलं एक कुटुंब थांबून आमच्याकडे पाहू लागलं. त्यातल्या आजोबांनी विचारलं, "काय शोधून राह्यले जी?"

"हवा," यजमान म्हणाले.

फोटो पाहिले. झरोके माणसांच्या भागावर, एका रांगेत, बाबांच्या खिळ्यांइतकेच. सामानाच्या आणि गार्डच्या भागावर छत कोरं.

परतीच्या वाटेवर मी कार्डाचा मजकूर तयार केला. गार्ड, सामान आणि तिसरा वर्ग यांचा एकत्र डबा. छोटी लाइन. गाडीच्या शेवटी लागत असे. आणि खाली एक ओळ: झरोके मूळ डब्यापेक्षा वेगळ्या टोकाला. ही ओळ लिहायला नको वाटत होतं, पण खरी होती. बाकी सगळं जुळलं होतं आणि काकू जिच्यावरून आत्याला इतकी वर्षं बोलत आल्या, नेमकी तीच गोष्ट जुळली नव्हती. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. डबा पुन्हा लुगड्यात गुंडाळला आणि पुढच्या रविवारी रोहण्याला गेलो.

घराच्या भिंती उभ्या झाल्या होत्या, स्लॅबला टेकू लागलेले होते. गोठ्यापुढे उन्हात आत्या आणि काकू तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आत्यानं सूप बाजूला सारलं नाही. "सांग," म्हणाली.

मी नागपूरचे फोटो दाखवले. कार्ड वाचून दाखवलं. "डब्याचा प्रकार खरा आहे, आत्या. असे डबे या लाइनवर होते. मापं सगळी बरोबर. खालचं दारही खरं आहे."

"खुराडं?" काकूंनी मान वर केली.

"खुराडं नाही, काकू. कुत्र्याची पेटी. कुत्रं तिकीट काढून त्यात बसायचं."

"माय वं! कुत्रे बसून जात अन् आम्ही उभ्यानं?"

आत्या हसली. मग थांबून म्हणाली, "अन् हवा?"

"ते मात्र उलटं आहे. खऱ्या डब्यात झरोके माणसांवर आहेत."

काकूंनी मांडीवर थाप मारली. "म्हनलं नोतं म्या? इतके साल झाले, म्हनलं नोतं? नागपूरले जाऊन पाहून आली पोरगी, आता तरी मान!"

आत्या शेंगा सोलत राहिली. दाणे सुपात टाकायचे ते तिनं दोनदा टरफलात टाकले आणि वेचून काढले. "दोरी लावून मापलं त्यानं," ती म्हणाली. "छत पाह्याले थो वर चढला तर स्टेशनमास्तर भांडला त्याले, घरी येऊन सांगतलं होतं मायले. वर चढून पाह्यलं, अन् वरचंच चुकलं?"

तिनं हात झटकले. "दे इकडं. तुया काचेत नोको ठेवू."

मी डबा तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांवर तोलला. "हलका झाला," ती म्हणाली. "रुखवतात आला तवा एकट्या बाईले उचलत नोता. मायनं रव्याचे लाडू भरलते यात, गच्च."

"कशात?"

"याच्यात. डब्यात. रिकामा कोन पाठवते वं रुखवत?"

मी इतके महिने त्या डब्याची मापं घेतली, खिडक्या मोजल्या, चित्र काढलं. तो भरीव ठोकळ्याचा नाही, पोकळ आहे, हे मला वजनावरून कळलं होतं. हलका राहावा म्हणून केला असेल, असं समजून ते सोडून दिलं होतं. माझ्या कपाटातले डबे पाहायचे असतात. हा वाढायचाही होता, हे डोक्यातच आलं नाही.

"लाडू काढले कुठून?" मी विचारलं.

आत्यानं खांदे उडवले. "मले काय माहीत? मी नवरी, मी मांडवात. मी डबा नीट पाह्यला थो इथं आल्यावर, कपाटात."

"वरून काहाडले," काकू म्हणाल्या. "छत उचलून. म्याच काहाडले. घरात मोठी सून मी, सासू म्हने, रुखवत तू खोल अन् तू वाट. सगळ्या वाड्याले वाटले. मंग आमच्या मालकाईनं दाराचा रंग उरला होता थो मारला याले, चमकाव म्हून. तवापासून..."

त्या बोलायच्या थांबल्या. डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोवर बॅगेतलं पुठ्ठा कापायचं पातं काढलं होतं.

छताच्या कडेनं ऑइलपेंट इतका बसला होता की सांध्याची रेघच दिसत नव्हती. रंगाखाली एका टोकाला फट होती आणि ती पुट्टीनं भरलेली निघाली. पातं हळूहळू फिरवत गेले. काकू पुढे सरकून बसल्या, आत्यानं सूप बाजूला ठेवलं. गवंड्यानं घमेलं खाली टेकवलं. शेवटच्या कोपऱ्याशी कटकन आवाज झाला आणि छत हातात आलं.

आतला भाग तुपानं काळपट झाला होता. एका टोकाला आतून एक आडवी पट्टी ठोकलेली होती, आणि छताच्या खालच्या बाजूला, एकाच टोकाला, त्या पट्टीसाठी खाच केलेली होती. खाच पट्टीच्या विरुद्ध टोकाला आलेली. म्हणून छत पट्टीच्या बाजूनं थोडं वर राहिलं होतं आणि म्हणूनच तिथे पुट्टी. मी छत फिरवलं. खाच पट्टीवर बसली, चारही कडा जुळल्या, आणि झरोके खिडक्यांवर आले.

काकूंनी वाकून दोन्ही टोकं पाहिली.

"तर त्यानं वर बाण काहाडून द्याचा होता," काकू म्हणाल्या.

"तुमी लाडू मोजत होत्या," आत्या म्हणाली, "झाकन कोन पाह्यते?"

काकू आधी रागावल्यासारख्या दिसल्या आणि मग त्यांना इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. आत्याही हसली. हसता हसता ती म्हणाली, "पहिल्या दिवाळीले भाऊ मले न्याले आलता. कपाटातला डबा पाह्यला त्यानं. या बाईनं तेव्हाही तोंडावर इचारलं त्याले, काऊन जी भाऊ, सामानाले लय हवा पाह्यजे का? थो जवळ गेला, पाह्यलं, अन् हासला. म्हने, असू द्या जी."

बाबांना एका नजरेत कळलं असणार. त्यांनी स्वतः केलेली खाच होती ती. पण बहिणीचं सासर, पहिली दिवाळी, समोर घरची मोठी सून. तिथे भावानं "तुम्ही झाकण उलटं बसवलं" म्हणायचं नसतं. ते कधी घरीही बोलले नाहीत. आईला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं.

"त्याले म्या लय बोलली," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

"त्याले नाई, मले बोलल्या तुमी," आत्या म्हणाली. "रोज."

मी कार्ड काढलं आणि शेवटची ओळ खोडली. कपाटात कुठली जागा द्यायची ते माझ्या मनात ठरलंच होतं: वरचा कप्पा, मधोमध. छताची पुट्टी खरवडायची, रंगाचे जादा थर काढायचे, खालचा बाबांचा मूळ रंग निघाला तर तो ठेवायचा. तसं मी आत्याला सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "कर बाप्पा सारं," ती म्हणाली. "अन् वास्तूच्या दिवशी घेऊन येजो."

"कुठे?"

"कोठी म्हंजे? इथं. नव्या घरात बैठकीत शोकेस करून राह्यला पोरगा. आता कायले देऊ तुले?"

"अवं पण तूच तर म्हणालीस, काचेत ठेव."

"तवा थो खोटा होता."

यजमान गाडीत बसल्यावर म्हणाले, "नियमाप्रमाणे काम केलंस, डबा गेला." मी त्यांना पुढे पाहून गाडी चालवायला सांगितलं. वाईट वाटलं, नाही कसं? वाटलं. पण माझ्याकडे मापं होती, चित्र होतं, आणि हवं तर तसाच दुसरा मी करू शकत होते. बाबांचा एकच होता, आणि तो ज्या घरासाठी केला त्या घरात अजून सरळ मांडलाच गेला नव्हता.

रंग काढायला बरेच रविवार गेले. घरच्या दाराच्या विटकरी रंगाखाली बाबांचा रंग निघाला, थोडा गडद, पातळ हातानं मारलेला. मी त्यावर काही लावलं नाही. जुना काळा कागद फाटला होता, तो बदलला. छताच्या आतल्या बाजूला, वरून दिसणार नाही असा, खाचेच्या टोकाकडे एक बाण काढला. काकूंची सूचना रास्त होती.

वास्तूच्या आदल्या दिवशी डबा गुंडाळायला घेतला आणि थांबले. कोणाच्या घरचं भांडं परत करताना आपण रिकामं देत नाही. साधी वाटी परत करतानाही तीत साखर घालतो. मी रवा भाजायला घेतला. यजमान दोनदा येऊन चव पाहून गेले. आत स्वच्छ कागद लावून लाडू भरले, गच्च. छत बसवलं. डबा खरंच एका हातानं उचलेना.

रोहण्याला नव्या घराला पिवळा रंग होता, दारात आंब्याचं तोरण, बैठकीत नवी काचेची शोकेस. डबा पाहून आत्यानं तो मधल्या कप्प्यावर ठेवला. माझं कार्ड त्याच्यासमोर उभं केलं. मग लाडू आहेत म्हटल्यावर पुन्हा बाहेर काढला आणि सतरंजीवर ठेवला.

"वाटा," ती काकूंना म्हणाली. "मोठ्या सून तुमी."

काकू पुढे येऊन बसल्या. भोवती बरीच मंडळी होती आणि त्यांना बहुतेक सगळा किस्सा कळलेला होता. काकूंनी छत उचललं, बाजूला ठेवलं, लाडू एकेक करून ताटात काढले. पहिला आत्याला दिला. मग उरलेले वाटले. सगळे संपल्यावर त्यांनी छत हातात घेतलं, एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून, आणि आत्याकडे मान वळवली.

"खिडक्याईवर," आत्या लाडू खातखात म्हणाली.

"माहीत हाय मले," काकू म्हणाल्या, आणि छत सरळ बसवलं.